जीप उंच केली, शॉकॲब्जॉर्बरचे काय?

सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत जीप ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. नाला ओलांडून केळीच्या बागेत पोहोचायचे किंवा पाड्यांवरील माणसे आठवडे बाजाराला आणायची, तर दुसरे वाहन नव्हते. एमएम ५४० आणि कमांडर या महिंद्रच्या जुन्या गाड्या त्यासाठीच येथे रुजल्या. नाशिकमध्ये तयार होणारी २०२० नंतरची थार मात्र जळगाव आणि धुळे शहरांतील तरुणांनी हौसेने घेतली. गाडी जुनी असो वा नवी, मालकाची एक इच्छा समान असते. ती म्हणजे गाडी दोन-तीन इंच उंच करून मोठे टायर बसवणे.

हे काम गॅरेजमध्ये एका दिवसात होते. कमानपाट्यांची गाडी असेल तर एखादा पाटा वाढवतात, लांब शॅकल लावतात किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालतात. कॉइल स्प्रिंगची गाडी असेल तर उंच स्प्रिंग किंवा स्पेसर बसवतात. गाडी रुबाबदार दिसू लागते आणि मालक समाधानाने घरी जातो. पहिल्याच नाल्यात चाक खाली लोंबकळताना किंवा खड्ड्यात आदळताना खालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो, तेव्हा काहीतरी राहून गेल्याचे लक्षात येते. राहून गेलेले असतात शॉकॲब्जॉर्बर आणि बम्प स्टॉप.

शॉकॲब्जॉर्बर गाडीचे वजन उचलतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वजन उचलते ती स्प्रिंग किंवा पाटा. एकदा दबलेली स्प्रिंग पुन्हापुन्हा उसळत राहते. ती उसळी शमवण्याचे काम शॉकचे. त्याच्या नळीत तेल असते, दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. तेल त्या छिद्रांतून जबरदस्तीने ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. बम्प स्टॉपचे काम याहून साधे आहे. चॅसी आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसवलेला तो रबराचा ठोकळा हालचालीची वरची हद्द ठरवतो. चाक फार वर आले की आधी तो दबला पाहिजे. तो दबण्याआधी शॉक पूर्ण मिटला, तर गाडीचा सारा भार क्षणभर शॉकच्या दांड्यावर येतो. दांडा वाकतो, सील फुटून तेल गळते, कधी चॅसीवरील ब्रॅकेटलाच तडा जातो. सपाट रस्त्यावर ही केवळ दुरुस्तीची बाब ठरेल. कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात वळणावर एका चाकाचा शॉक निकामी झाला, तर ते चाक उसळत राहते, त्याची रस्त्यावरील पकड सुटते आणि ब्रेकचा उपयोग कमी होतो. गाडी उंच केल्याने गुरुत्वमध्यही आधीच वर गेलेला असतो.

गणित कसे मांडावे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मूळ शॉक पूर्ण ताणला तर ५६० मिलिमीटर आणि पूर्ण मिटला तर ३५० मिलिमीटर लांब आहे. गाडी सपाट जागेवर उभी असताना त्याच्या दोन टोकांतील अंतर ४५० आहे. म्हणजे चाकाला वर जायला १०० आणि खाली उतरायला ११० मिलिमीटर वाव. आता गाडी ५० मिलिमीटर उंच केली. तेच अंतर ५०० झाले. वर १५० मिलिमीटर वाव दिसतो; पण खाली उतरायला उरले फक्त ६०. चाक खड्ड्यात उतरताच शॉक पूर्ण ताणला जातो आणि ॲक्सल त्याच्यावर लोंबकळतो. ज्या कारणासाठी गाडी उंच केली, तेच साधत नाही.

म्हणून लांब शॉक आणला जातो. समजा तो ताणून ६२० आणि मिटून ३९० आहे. उभ्या गाडीत त्याला वर ११० आणि खाली १२० मिलिमीटर वाव मिळतो. विभागणी उत्तम आहे. मात्र खरी फसगत येथेच होते. मूळ बम्प स्टॉप पूर्ण दबतो तेव्हा शॉकची लांबी ३६५ असेल, अशी कारखान्यातील रचना होती. जुन्या शॉकला १५ मिलिमीटर शिल्लक राहत होते. नवा शॉक ३९० वरच मिटतो. म्हणजे बम्प स्टॉप पूर्ण दबण्याच्या २५ मिलिमीटर आधीच शॉक आपटतो. तेवढेच १५ मिलिमीटर शिल्लक ठेवायचे असतील, तर बम्प स्टॉप ४० मिलिमीटर खाली आणावा लागेल. ‘जितकी गाडी उंच, तितका बम्प स्टॉप लांब’ हा गॅरेजमधील ठोकताळा येथे १० मिलिमीटरने चुकतो. शॉक तिरका बसवलेला असेल तर ॲक्सलची हालचाल आणि शॉकची हालचाल सारखी नसते. तेव्हा चूक आणखी वाढते.

कागदावरचे गणित गाडीवर पडताळून पाहावेच लागते. चॅसीला भक्कम आधार द्यावा, स्प्रिंग काढावी किंवा पाट्यांतील मुख्य पाटा ठेवून बाकीचे सोडवावेत आणि जॅकने ॲक्सल वर उचलत न्यावा. आधी दोन्ही चाके एकत्र, मग एक वर आणि दुसरे खाली, अशा दोन्ही स्थितींत टेप लावावी. मोठा टायर मडगार्डला घासतो का, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर काय होते, हे तेव्हाच दिसते. अनेकदा शॉकसाठी नव्हे, तर टायरसाठीच बम्प स्टॉप वाढवावा लागतो. चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज ताणला जातो का आणि प्रॉपेलर शाफ्टचा सांधा अडतो का, हेही पाहावे. थारसारख्या, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत ही खालची हद्द ॲक्सल शाफ्टचे सांधे ठरवतात. तेथे लांब शॉक घालून हालचाल वाढवण्याचा मोह महागात पडतो. मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सलच्या उंचीनुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो नव्याने जुळवावा लागतो. अन्यथा गाडी सतत रिकामी आहे असे समजून तो मागचा ब्रेक कमी लावतो.

कोणता शॉक, कोणता रबर?

साध्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तेलासोबत हवा असते. खडीच्या, लाटा उठलेल्या रस्त्यावर दांडा सेकंदाला अनेकदा आत-बाहेर होतो, हवा तेलात मिसळून फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. काळ्या कसदार मातीवरील रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. खानदेशातील शेतरस्त्यांवर शॉकला म्हणूनच विश्रांती नसते. नायट्रोजन भरलेल्या शॉकमध्ये फेस कमी होतो. एकनळी शॉकमध्ये तेल आणि वायू यांच्यामध्ये सरकता दट्ट्या असल्याने ते मिसळतच नाहीत. बिल्स्टाईन या जर्मन कंपनीने ही रचना १९५७ पासून मर्सिडीज मोटारींसाठी पुरवली. त्याची नळी थेट हवेत असल्याने तो लवकर थंडही होतो. मात्र बाहेरून दगडाचा मार लागून नळीला पोचा पडला, की दट्ट्या अडकतो. दुहेरी नळीचा शॉक असा मार सोसतो. दगडगोट्यांच्या नाल्यांतून रोज जाणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा. भुसावळच्या उन्हाळ्याला घाबरून वेगळ्या टाकीचे महागडे शॉक घेण्याची गरज शेतकऱ्याच्या जीपला नाही. ते वेगाने, दीर्घकाळ खडतर रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांसाठी आहेत.

बम्प स्टॉपमध्ये कडक रबरापेक्षा सूक्ष्म छिद्रांचा पॉलियुरेथेन सरस ठरतो. तो प्रथम मऊ लागतो आणि दबत जाईल तसा कडक होतो. धक्का एकदम बसत नाही. केळीचे घड भरून शेतातून निघालेली पिकअप तर कित्येकदा बम्प स्टॉपवर टेकूनच चालते. अशा गाडीचे जुने, चिरा पडलेले रबर वेळेवर बदलले, तरी पाटे तुटण्याचे प्रमाण कमी होईल. लोखंडी ठोकळ्यावर जुनेच रबर वेल्डिंगने चढवण्याचा प्रकार मात्र टाळावा. बोल्टने बसवलेला स्पेसर पुढे बदलता येतो आणि चॅसीही जळत नाही.

कायद्याची बाजू दुर्लक्षिता येत नाही. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच मापाचा शॉक घालणे ही देखभाल आहे. गाडीची उंची बदलणे हा फेरफार ठरू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे. अपघातानंतर विमा कंपनी हा प्रश्न विचारणारच. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत परवानगीविना गाडी घालणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, मग गाडी कितीही उंच असो.

काम झाल्यावर पहिल्या काही दिवसांत यू-बोल्ट पुन्हा आवळावेत; नवे पाटे बसताना ते हमखास ढिले होतात. शॉकचा दांडा उघडा असेल तर त्याच्यावर नळीलगत प्लॅस्टिकचा टाय हलक्या हाताने अडकवावा आणि गाडी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या ओझ्यासह नेऊन आणावी. दांडा जितका आत गेला, तितका टाय सरकलेला असतो. तो थेट टोकाला पोहोचला असेल, तर बम्प स्टॉप अजून कमी पडतो आहे.