मूळ गायकाचें ऋण

अमेरिकेंत मिसिसिपी नदीकांठच्या कापसाच्या मुलखांत, कृष्णवर्णीय मजुरांच्या कष्टांतून ‘ब्लूज’ हें गायन जन्मास आलें. त्यांतील पुष्कळ गवई खरखरीत आवाजाचे. १९३२ सालीं जन्मलेल्या ज्युनियर पार्करचा गळा मात्र रेशमासारखा मऊ होता. माउथ ऑर्गनवरील त्याचा हात सॉनी बॉय विल्यमसनच्या सहवासांत तयार झाला.

१९५३ सालीं मेम्फिस येथील ‘सन’ कंपनीनें त्याचें ‘मिस्टरी ट्रेन’ हें गीत मुद्रित केलें. १९५५ सालीं त्याच कंपनीसाठीं तेंच गीत गोऱ्या एल्विस प्रेस्लीनें गाइलें, आणि जगभर गाजलें तें प्रेस्लीच्या नांवानें!

पार्करनें गाणें सोडलें नाहीं. ह्यूस्टनच्या ‘ड्यूक’ कंपनीनें काढलेलें त्याचें ‘ड्रायव्हिंग व्हील’ १९६१ सालीं लोकांच्या पसंतीस उतरलें. परंतु मेंदूंतील गांठीच्या विकारानें १९७१ च्या नोव्हेंबरांत, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो निवर्तला.

वर्गांत इतिहास शिकवितांना मी मुलांस सांगत असें कीं, नदीचें मोठें पात्र दिसलें म्हणजे तिचा उगम विचारावा. पार्करच्या आवाजांतील तें मूळ गीत आजहि ऐकावयास मिळतें. तें एकदां मन लावून ऐकावें; आपल्याकडून त्याच्या ऋणाची तेवढीच फेड.