वस्तरा आपल्याच हाती

१७६९ साली पॅरिसमध्ये एक पुस्तक निघालं. लेखक ज्याँ-जाक पेरे हा पंडित नव्हता. चाकू, कात्र्या, वस्तरे आणि शल्यवैद्यांची हत्यारं घडवणारा तो कारागीर. पुस्तकाचं नाव मात्र त्यानं थाटात ग्रीकमधून घेतलं होतं: 'ला पोगोनोतोमी'. पोगोन म्हणजे दाढी आणि तोमी म्हणजे कापणं. नावाखाली खुलासा होता, 'स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला'. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शीर्षक तिथं थांबत नाही. हत्यारांना धार लावायचे दगड कसे ओळखावेत, वस्तरा घासायचं चामडं कसं तयार करावं, चांगले वस्तरे कसे बनवावेत, अशी गाडी पुढे जात राहते आणि अखेरीस रक्तमोक्षणाविषयी, म्हणजे शीर कापून रक्त काढण्याविषयी, 'एक महत्त्वाचं निरीक्षण' येऊन थांबते.

दाढी शिकवणाऱ्या पुस्तकाच्या शेवटी रक्त काढण्याचा विषय! नवशिक्यानं तो वाचून वस्तरा मुकाट्यानं घडी करून ठेवला असता तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती.

मराठी माणसाला मात्र या जोडीचं नवल वाटायचं कारण नाही. आपण रोज वापरतो तो 'हजामत' हा शब्द अरबीतल्या 'हिजामा'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ तुंबडी लावून रक्त काढणं असा आहे. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' या म्हणीतला रिकामपणा आपल्या लक्षात राहिला; तुंबड्या लावणं हेही न्हाव्याचंच काम होतं, हे विसरायला झालं. युरोपातही वस्तरा आणि शस्त्रक्रियेची सुरी शतकानुशतकं एकाच पेटीत नांदत होत्या. फ्रान्समध्ये १७४३ साली राजाज्ञेनं शल्यवैद्यांना न्हाव्याचं काम बंद झालं. लंडनमध्ये १७४५ साली शल्यवैद्यांनी न्हाव्यांशी असलेला सामायिक संघ मोडला आणि वेगळी चूल मांडली. पेरेचं पुस्तक आलं ते या वाटणीनंतर पाव शतकानं. पेटीतली सुरी डॉक्टरकडे गेलीच होती, आता हा लोहार वस्तराही गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला निघाला होता.

गिऱ्हाइकाला तो हवा तरी का होता? याचं सर्वांत रोखठोक उत्तर बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या आत्मचरित्रात दिलं आहे. माणसाचं सुख क्वचित लाभणाऱ्या मोठ्या भाग्यापेक्षा रोजच्या बारीकसारीक सोयींतून जास्त मिळतं, असं तो म्हणतो आणि उदाहरण देतो दाढीचं. गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा त्याला स्वतःची दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवा. पैसे उडून जातील, पण न्हाव्याची वाट बघणं, त्याची मळकी बोटं, तोंडाचा वास आणि बोथट वस्तरा यांतून तो कायमचा सुटेल. न्हावी मंडळींना हे झोंबणारंच आहे. पण फ्रँकलिन हुशार माणूस. 'दाढी करायला' शिकवा एवढंच म्हणून तो थांबला नाही. 'वस्तरा राखायला' ही पुस्तीही त्यानं जोडली. पुढच्या सव्वाशे वर्षांची सगळी कथा त्या पुस्तीत आहे.

उघड्या पात्याचा वस्तरा चालवणं दिसतं तितकं अवघड नाही, असं तो चालवणारे सांगतात. केस गरम पाण्यानं भिजवून मऊ करायचे, साबणाचा फेस दाट फासायचा. तीन बोटं पात्याच्या देठावर, करंगळी मागच्या शेपटावर, अंगठा खालून आधाराला. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं. जास्त आडवं झालं तर केस ओढले जातात, जास्त उभं झालं तर कातडी सोलते. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायची. हे विसरलं की काप ठरलेला. पहिला हात केसांच्या रोखानं, आणि उलटा हात मारायची घाई पहिले काही आठवडे करायची नाही. सोपे असतात ते गाल. हनुवटीचा उंचवटा, ओठांचे कोपरे आणि गळ्याची घाटी इथं नवशिक्याची परीक्षा होते. शिवाय आरशात उजवं-डावं उलटं दिसतं आणि एका गालासाठी हात तरी बदलावा लागतो किंवा चेहऱ्यापुढून वळसा तरी घ्यावा लागतो. न्हाव्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही, तो गिऱ्हाइकाभोवती फिरतो. स्वतःभोवती फिरण्याची सोय अजून निघालेली नाही.

घाबरटांसाठी पेरेनं एक तोडही काढली होती. सुताराच्या रंध्याला असतं तसं लाकडी आवरण त्यानं पात्याला घातलं आणि धारेची फक्त कड बाहेर ठेवली. खोल काप बसणं त्यामुळे अशक्य झालं. म्हणजे 'सेफ्टी रेझर'ची मूळ कल्पना फ्रेंच राज्यक्रांतीच्याही आधीची. तरी तिनं जग जिंकलं नाही, कारण माणसं कापाला भीत होती तरी त्यांचं रोजचं दुखणं वेगळं होतं. ते होतं धारेचं.

धार पोलादावर अवलंबून. ते पोलाद नेमकं याच सुमाराला सुधारलं, तेही एका घड्याळजीमुळे. बेंजामिन हंट्समनला घड्याळाच्या कमानींसाठी एकजीव पोलाद हवं होतं. १७४० च्या दशकात शेफील्डजवळच्या हँड्सवर्थला त्यानं मातीच्या मुशीत, कोकच्या प्रखर आचेवर पोलाद पूर्ण वितळवून दाखवलं. शेफील्डच्या कारागिरांनी आधी नाकं मुरडली; हे फार कडक आहे, घडवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. फ्रेंचांनी मात्र ते हौसेनं विकत घेतलं. त्या पोलादाची त्यांनी बनवलेली हत्यारं बाजारात टक्कर देऊ लागली तेव्हा शेफील्डला जाग आली. पुढे शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. त्याची किंमत सहाणेवर बसणाऱ्यांनी मोजली. घासताना उडणारी दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साठे, आणि 'ग्राइंडरचा दमा' या नावानं ओळखला जाणारा रोग त्यांना भर तारुण्यात नेई.

मुशीत पोलाद करण्याची रीत दक्षिण भारतात मात्र कित्येक शतकं जुनी होती. इंग्रज त्याला 'वुट्झ' म्हणत. कन्नड 'उक्कू'चा हा अपभ्रंश असावा असं मानतात. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाकडे, जोसेफ बँक्सकडे पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सननं त्यावरचा अहवाल सोसायटीपुढे ठेवला. लंडनचा एक हत्यारकार, जेम्स स्टोडार्ट, या पोलादाच्या प्रेमातच पडला. पुढे त्यानं एका तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून वुट्झचं गुपित उलगडायचे प्रयोग केले. हा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी नाव व्हायच्या आधी फॅरडे वस्तऱ्याच्या पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून बघत होता आणि त्यातून झालेले वस्तरे मित्रांना भेट देत होता. पाचशे भागांत एक भाग चांदी त्यांना चांगली मानवली. लगोलग शेफील्डच्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरं उमटू लागली. त्यांत चांदी किती आणि अक्षरं किती, हा प्रश्न अलाहिदा.

पोलाद कितीही उत्तम असो, दाढीचा केस त्याला पुरून उरतो. पोलाद केसापेक्षा जवळजवळ पन्नास पट कठीण. तरी धार जाते कशी? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले, तेव्हा दिसलं की धार नुसती झिजत नाही. केस तिरका वाकला आणि धारेच्या नेमक्या कमकुवत जागी आला, तर तो पोलादाचा बारीक टवका उडवतो. पेरेच्या पिढीला हे दिसत नव्हतं, पण उपाय ठाऊक होता. रोज दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायचा, आणि धार पट्ट्यालाही जुमानेनाशी झाली की निसण्यावर चढवायचा. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरातला पिवळसर 'कोतिक्यूल' हा दगड याच कामासाठी नावाजलेला, सूक्ष्म गार्नेट कणांनी भरलेला. पट्टा रोजचा, निसणा अधूनमधूनचा. पहिली गोष्ट चिकाटीनं जमते, दुसरीला हात लागतो. घरोघरी वस्तरे गेले तरी हा हात सगळ्यांकडे गेला नाही.

त्यामुळे बाजारात पैसा वस्तऱ्याइतकाच पट्ट्यात होता. लंडनच्या जॉर्ज पॅकवूडनं हे ओळखलं. १७९० च्या दशकात त्यानं आपल्या पट्ट्याच्या जाहिरातींचा वर्तमानपत्रांतून असा मारा केला की लोक चक्रावले: कधी संवाद, कधी कविता, कधी कोडं. १७९६ साली त्यानं त्या जाहिरातींचंच पुस्तक काढून विकलं! एका चामड्याच्या पट्टीसाठी एवढी प्रतिभा खर्ची घालणारा माणूस आजच्या जाहिरातवाल्यांचा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. त्याच काळात 'पीटर पिंडार' या नावानं लिहिणाऱ्या जॉन वोल्कॉटनं वस्तरे विकणाऱ्यावर एक कविता रचली. तिच्यातला खेडूत अठरा पेन्सना डझनभर वस्तरे घेतो आणि घरी जाऊन तोंड सोलून घेतो. जाब विचारायला गेल्यावर विक्रेता शांतपणे सांगतो की हे वस्तरे दाढीसाठी केलेलेच नाहीत, विकण्यासाठी केलेले आहेत. स्वस्तातला पहिला वस्तरा घेणाऱ्याचं आजही असंच होतं.

१८४७ साली विल्यम हेन्सननं पातं दांड्याला आडवं बसवून कुदळीसारखा वस्तरा केला. १८८० साली न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंचा 'स्टार' सेफ्टी रेझर आला. कापाची भीती बरीचशी गेली. पण त्यांतलं पातं जाड, घडीव होतं आणि ते पट्ट्यावर घासावंच लागे. म्हणजे गाल सुरक्षित झाला आणि कटकट तिथंच राहिली.

ही कटकट एका फिरत्या विक्रेत्याला १८९५ मधल्या एका सकाळी असह्य झाली. किंग कॅम्प जिलेटनं पुढे सांगितलेल्या हकिगतीत मुद्दा अगदी नेमका आहे. वस्तरा बोथट होता, तोही पट्ट्यानं सुधारण्यापलीकडे. आता न्हाव्याकडे किंवा हत्यारवाल्याकडे नेऊन निसण्यावर चढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे शंभर वर्षं स्वतःची दाढी करूनही माणूस फिरून न्हाव्याच्याच दारात. बाटलीच्या बूचवाल्या टोपणाचा शोधक विल्यम पेंटर यानं जिलेटला पूर्वी सल्ला दिला होता, की एकदा वापरून टाकून देता येईल असं काहीतरी शोध. त्या सकाळी त्याला ते सापडलं. पातळ पत्र्याला धार लावता येते हे सिद्ध करायला विल्यम निकरसनसारखा अभियंता आणि काही वर्षं लागली. १९०३ साली विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी रेझर गेले नव्वद हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. जाहिरातींनी सुरक्षितता सांगितली खरी. लोकांनी विकत घेतली ती निसण्यापासूनची सुटका.

महाराष्ट्रात घरी स्वतः उघडा वस्तरा चालवण्याची ही मधली पायरी फारशी आलीच नाही. 'वस्तरा' हा शब्द फारसीतल्या 'उस्तुरा'वरून आला. हत्यार मात्र न्हाव्याच्या धोकटीत राहिलं. बलुतेदार न्हावी घरी यायचा, ओसरीवर आरसा हाती द्यायचा आणि वर्षाअखेर धान्याच्या रूपानं बलुतं घ्यायचा. त्याच्या पोरानं बापाचा हात बघून शिकावं, त्याला पोगोनोतोमीचं काय काम? इथं वस्तरा कोणाच्या हाती यापेक्षा तो कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न जास्त टोकदार होता. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं, ते वस्तरा खाली ठेवूनच. आणि मराठी माणूस घरच्या आरशापुढे स्वतःच्या गालाला हात घालू लागला तेव्हा बहुतेकांच्या हाती थेट सेफ्टी रेझर होता.

आता सलूनमध्येही अखंड पात्याचा वस्तरा दिसेनासा झाला आहे. कारागीर कागदात गुंडाळलेलं ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतो. रोगांच्या धास्तीनं हे बरंच झालं. खुर्चीला टांगलेला चामड्याचा पट्टा मात्र त्याबरोबर गेला.

तो पट्टा आता हौशी लोकांनी परत आणला आहे. जुने शेफील्ड किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे शोधून घेणारे, सकाळची वीस मिनिटं त्यावर घालवणारे लोक जगभर आहेत. नवशिक्यांना ते पहिला सल्ला देतात तो गालाविषयी नसतो. पट्ट्यावर वस्तरा पाठीच्या बाजूनं पुढे ओढायचा आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरच उलटवायचा. घाईत तो धारेवर उलटला की चामड्याला चंद्रकोरीसारखी चीर पडते. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, असं ते सांगतात.