नाशिकच्या गावबातमीचा इतिहास

नाशिकचे लोक गोदावरीला गंगा म्हणतात आणि गावची बातमी कित्येक शतके या गंगेच्या घाटावरूनच पसरत आली. स्नानाला आलेले यात्रेकरू, क्षेत्रोपाध्ये, धुणे घेऊन आलेल्या बायका, बुधवारच्या बाजाराला आलेले आसपासचे शेतकरी अशी सगळी माणसे तिथे एकत्र येत. कोणाकडे लग्न ठरले, कोण गेले, भाव काय चालला आहे, हे घाटावर एकदा बोलले गेले की दुपारपर्यंत पेठांमध्ये पोचलेले असे.

या बोलण्यातला काही भाग कागदावरही उतरे. क्षेत्रोपाध्यांकडे यजमान घराण्यांच्या नामावळी असत. यात्रेला आलेल्या माणसाने आपल्या घरातले जन्म, मृत्यू, भावंडे आणि मूळ गाव सांगायचे, उपाध्यांनी ते वहीत नोंदवायचे आणि खाली यजमानाने सही करायची, अशी ही पद्धत होती. जुनी पाने मोडी लिपीत आहेत. दूरदूरच्या गावांतल्या साध्या कुटुंबांची इतकी सलग नोंद सरकारी दप्तरातही क्वचित सापडेल. सामाजिक इतिहासाच्या या साधनाचा हवा तितका उपयोग अजून झालेला नाही.

पावसाळ्यात मात्र गावात एकाच बातमीची वाट पाहिली जाते, ती म्हणजे पाणी किती चढले. ते मोजायला नाशिकने दगडी खुणा ठरवून ठेवल्या आहेत. पहिली खूण दुतोंड्या मारुतीची. नदीपात्रालगतच्या या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला पाणी लागले, यावरून पुराचा अंदाज बांधतात. पाणी कमरेच्या वर सरकू लागले की भांडी बाजार आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. त्यापुढची खूण सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. नारोशंकर मंदिराची घंटा ही शेवटची खूण. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा १७२१ सालची आहे, आणि तिला पाणी लागले तर तो महापूर मानला जातो. १९६९, २००८ आणि २०१६ या वर्षांचे पूर गावाने याच खुणांवरून लक्षात ठेवले आहेत. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचे आकडे आता क्षणाक्षणाला मिळतात, तरी वर्तमानपत्रे दुतोंड्या मारुतीचे छायाचित्र छापल्याशिवाय राहत नाहीत. कारण दुकानदाराला घराबाहेर पडून पाणी डोळ्यांनी पडताळता येते ते मारुतीवरूनच.

घाटाच्या वर जुने नाशिक सुरू होते. टेकड्यांवर वसलेल्या या गावाची रचना आळ्या, पेठा आणि वाड्यांची. तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे कारागीर राहत, आणि रविवार कारंजा, तिवंधा, भद्रकाली या नावांनी माणसाचा पत्ता आणि ओळख दोन्ही कळे. आळीचा एकोपा पाहायचा तर रहाड पाहावी. रहाडी म्हणजे पेशवेकाळातले म्हणून सांगितले जाणारे दगडी बांधणीचे हौद; ते आठ-दहा फूट खोल असतात. वर्षभर ते लाकडी ओंडके आणि मातीखाली झाकलेले राहतात आणि वरून नेहमीची वाहतूक चालू असते. रंगपंचमीच्या आधी आळीतले लोक ते उघडून साफ करतात, फुलापानांचा रंग मोठ्या कढईत उकळून त्यात ओततात आणि पूजेनंतर लोक त्यात उड्या घेतात. या उडीला धप्पा म्हणतात. तिवंध्याची रहाड पिवळ्या रंगाची, शनी चौकाची गुलाबी, दिल्ली दरवाजाची केशरी, आणि हा रंग कोणी बदलत नाही. खणणे, रंग शिजवणे आणि पुन्हा बुजवणे ही कामे आळी वाटून घेते. पूजेचा मान ठरलेल्या घराण्यांकडे असतो.

वाचनाची सार्वजनिक जागा इंग्रजी अमदानीत आली. १८४० मध्ये इंग्रज अधिकारी आणि गावातली शिकलेली मंडळी यांच्या पुढाकाराने ‘नेटिव्ह लायब्ररी’ सुरू झाली. तेच आजचे सार्वजनिक वाचनालय. बराच काळ ते सरकारवाड्यात होते.   ही सुरुवात वरच्या थरातून झाली, आणि ते दार सर्वसामान्य वाचकासाठी उघडायला बराच काळ जावा लागला. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि रस्ते, पाणी, दिवाबत्ती या गोष्टी चर्चेच्या झाल्या. ‘नाशिकवृत्त’सारखी पत्रे एकोणिसाव्या शतकातच निघत होती.

पुढे बातमीला राजकारणाची धार आली. १९०० च्या सुमारास तिळभांडेश्वर गल्लीत सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांचा मित्रमेळा भरू लागला. गणेशोत्सव आणि शिवजयंती ही त्याची सार्वजनिक व्यासपीठे होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या आणि नाशिकचे नाव इंग्लंडपर्यंत पोचले. त्यानंतर सभा-संमेलनांवर पोलिसांची नजर राहिली. तरीही १९२२ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. मे महिन्यात संध्याकाळी घाटावरच्या देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणात लोक मोकळ्या आकाशाखाली बसून व्याख्याने ऐकू लागले. ज्यांच्या नावाचे हे पटांगण, ते यशवंतराव भोसेकर दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून देणारे मामलेदार म्हणून ओळखले जातात.

घाट सर्वांचा होता असे मात्र म्हणता येत नाही. कुंड, देऊळ आणि पंगत यांतून अस्पृश्य समाजाला बाहेर ठेवले होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रहींच्या तुकड्या दारांपुढे बसल्या. त्याच वर्षी रामनवमीच्या रथयात्रेत त्यांच्यावर दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे यांनी स्थानिक बाजू सांभाळली. हा लढा पाच वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या सार्वजनिक जीवनाचा कोणताही इतिहास या पाच वर्षांना वगळून लिहिला तर तो खोटा ठरेल.

१९३८ मध्ये दादासाहेब पोतनीस यांनी ‘गावकरी’ हे पत्र काढले. तालुक्याची बातमी मुंबई-पुण्याच्या पत्रांत कोपऱ्यात जाई, ती येथे पहिल्या पानावर आली. पाऊस, बाजारभाव, नगरपालिकेतील वाद, शाळांचे निकाल, यात्रा आणि निधनवार्ता या ‘किरकोळ’ समजल्या जाणाऱ्या मजकुरानेच गावकरी घराघरांत गेला. त्याच संस्थेची ‘अमृत’ आणि ‘रसरंग’ ही नियतकालिके महाराष्ट्रभर वाचली गेली. साहित्याची व्यासपीठेही याच सुमारास मिळाली: १९४२ मध्ये नाशिकला आचार्य अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. १९५० मध्ये कुसुमाग्रजांनी लोकहितवादी मंडळ स्थापन केले. १९७० च्या सुमारास ‘देशदूत’ निघाल्यावर स्थानिक बातमीसाठी स्पर्धा सुरू झाली.

याच काळात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांसाठी खानदेशातून आणि मराठवाड्यातून माणसे आली, सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. या नव्या नाशिककरांना आळी नव्हती, रहाड नव्हती. त्यांची बातमी कंपनीच्या गेटवर, कामगार संघटनेच्या फलकावर आणि कॉलनीच्या गणेश मंडळात तयार झाली. १९८२ मध्ये नाशिकरोड, देवळाली आणि आसपासची गावे जोडून महानगरपालिका झाली, तेव्हा घाटापासून कित्येक मैल दूर राहणारा माणूसही नाशिककर ठरला. घाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने मात्र २०२२ मध्ये शंभरी गाठली, आणि ती आजही त्याच पटांगणात भरते.