हात गुंतलेले, गळा मोकळा

मराठीत सगळ्यात जास्त कविता कुठे रचल्या गेल्या असतील? माझ्या मते जात्यापाशी. आणि त्या रचणाऱ्या बहुतेक जणी कुणाच्या तरी आई होत्या.

जातं आता हॉटेलांच्या सजावटीत दिसतं, म्हणून आधी ते चालायचं कसं हे सांगतो. दगडाच्या दोन गोल तळ्या, एकीवर एक. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या मधल्या भोकातून मूठमूठ धान्य सोडायचं, लाकडी खुंटा धरून ती फिरवायची, की कडेने पीठ पडतं. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची. घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ पहाटे, बाकीचं घर झोपेत असताना दळायचं. बऱ्याचदा समोरासमोर दोघी बसायच्या: सासू-सून, जावा-जावा, नाहीतर माहेरी आलेली लेक आणि तिची आई.

हे काम अंग मोडणारं होतं. तळहाताला घट्टे पडायचे, खांदे भरून यायचे. पण यंत्र म्हणून पाहिलं तर जात्यात एक गंमत आहे. त्याला हात पूर्णवेळ लागत, डोळे फारसे लागत नसत आणि गळा अजिबात लागत नसे. फेऱ्याची लय पक्की. दिवसभरात जिला मनातलं बोलायला जागा नव्हती, तिला अंधारात एवढा वेळ मिळायचा. त्या वेळात ओवी आली.

ओव्यांमध्ये विठ्ठल आहे, सीता आहे, भाऊ आहे, पुढे बाबासाहेब आंबेडकरही आले. पण सगळ्यात दाट वस्ती मुलांची. लेकाचं कौतुक, लेकीच्या सासरची काळजी, लेक झाली म्हणून ऐकावे लागलेले टोमणे. ऐकलेल्या ओवीत आपल्या बाळाचं नाव घालायचं, आपल्या गावाचं नाव घालायचं, एखादा शब्द फिरवायचा, की ती आपली. आम्ही प्रोग्रॅमर दुसऱ्याचा कोड घेऊन त्यात आपले बदल करतो, त्याला ‘फोर्क’ म्हणतो. या बायका तेच करत होत्या, परवानगी न विचारता आणि स्वतःचं नाव न लावता.

नाव नसलं की गोष्ट हरवते. यातलं जे वाचलं, ते कुणीतरी लिहून घेतलं म्हणून. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नव्हती. घरात आणि शेतात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. या सगळ्याच्या मुळाशी आईचं गाणं कागदावर घ्यावंसं वाटलेला एक मुलगा आहे. बाकीच्या लाखो आयांच्या मुलांच्या हातात पेन्सिल नव्हती.

त्यांच्यापैकी काहींपर्यंत पुण्याचे दोन अभ्यासक पोचले: हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवँ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्हींचे जाणकार सोबत आले. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं आणि ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला. १९९६ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मुद्रित झाला. हे धन पुढे ‘पारी’ या संकेतस्थळाकडे आलं आणि २०१७ पासून ते फोनवर ऐकता येतं.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेसच हाताळतो. तरी तिथली गाणाऱ्या बाईंची माहिती वाचताना थांबलो. नाव, गाव, तालुका, वय, व्यवसाय आणि मुलं किती. कवीची ओळख करून देताना मुलं किती हे आपण एरवी कुठे लिहितो? इथे ते लिहिणं बरोबरच आहे. या कवितेचा श्रोता अनेकदा शेजारच्या गोधडीत झोपलेला असायचा.

मग पिठाची गिरणी आली. बायकांनी डबा डोक्यावर घेऊन आनंदाने गिरणीची वाट धरली. धरायलाच हवी होती. जातं उरलं लग्नातल्या हळदीपुरतं. रोजच्या दळणाबरोबर ओवीही थांबली. गिरणीने कष्ट वाचवले, वेळ परत दिला. पण तो वेळ रिकामा राहिला नाही, त्यात दुसरी कामं आली. शिवाय गाण्याला लागणारी लय आणि समोर बसलेली जोडीदारीण गिरणी देऊ शकत नव्हती.

म्हणून नव्या यंत्राकडे पाहताना आता मी वेग आणि किंमत यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारतो: हे माझं काय गुंतवतं आणि काय मोकळं सोडतं? फोन हातापेक्षा डोळे आणि लक्ष गुंतवतो. मागे गुणगुणायला काही शिल्लक राहत नाही.

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. आई-बाप झाल्यावर जात्यासारखी कामं पुन्हा आयुष्यात येतात: खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या, दुपट्यांच्या घड्या, पाय हलवत झुलवणं. हात अडकलेले, लय पक्की, वेळ अडनिडी. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून मी तिला गाण्यात घालतो. विषय साधेच, शेजारचा कुकर, गल्लीतलं कुत्रं, तिचं नाव. यमकं जुळतातच असं नाही आणि सकाळी एकही ओळ आठवत नाही.

रेकॉर्ड करावं का, हा प्रश्न मला पडतो, कारण न लिहिलेल्या ओव्यांचं काय झालं हे मी आता जाणतो. कधीतरी करेनही. आधी रोज एक नवी ओळ सुचायला हवी.