लुकलुकता प्रकाश, फिट आणि उद्यानातली पाटी

मनोरंजन उद्यानातल्या अंधाऱ्या खेळाच्या दाराशी लुकलुकत्या दिव्यांचा इशारा देणारी पाटी असते. ती फिट येणाऱ्या, म्हणजे अपस्माराच्या रुग्णांसाठी. प्रकाशाच्या उघडझापीने फिट येऊ शकते, हे निरीक्षण फार जुने आहे. कुंभाराच्या फिरत्या चाकाकडे पाहून अशा रुग्णाला झटका येऊ शकतो, असे दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस या रोमन लेखकाने नोंदवले होते.

१९४६ साली ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांपुढे स्ट्रोब दिवा लुकलुकवून मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. ईईजी, म्हणजे या विद्युतलहरींचा आलेख, काढताना अशा दिव्याची चाचणी आजही होते. सर्वाधिक धोका सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा. गडद लाल रंग तो आणखी वाढवतो. पुढे हाच दिवा डिस्कोत आला, भुताटकीच्या घरात वीज चमकवू लागला, अंधारात धावणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर लागला.

नियम मात्र आधी दूरचित्रवाणीसाठी झाले. ब्रिटनमध्ये १९९३ साली एक जाहिरात पाहताना काहींना फिट आली, त्यानंतर तिथे चमकांवर मर्यादा घालण्यात आली. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी पोकेमॉन या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून चमकला आणि ६८५ जणांना रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती आणि अनेकांना त्याआधी कधीच फिट आली नव्हती. ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, त्याला पाटी वाचवू शकत नाही. दिव्याचा वेग आधीच आवरणे हाच खरा उपाय.

झगमगाट अचानक सुरू झाला की डोळे मिटण्याचा मोह होतो. ते पुरेसे नाही, कारण मिटल्या पापण्यांतूनही लालसर प्रकाश आत शिरतो. एक डोळा तळहाताने घट्ट झाकून मान वळवावी, म्हणजे मेंदूवरचा मारा कमी होतो.

अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी प्रकाशाने फिट येणारे जेमतेम तीन. बाकीच्यांना चुकलेली गोळी, अपुरी झोप आणि थकवा अधिक घातक. उद्यानाची सहल पहाटे निघते, उन्हात रांगा लागतात आणि जेवणाबरोबर औषधाची वेळही टळते. पाण्यातल्या खेळात फिट आली तर बुडण्याची भीती असते, म्हणून तिथे जीवरक्षकाला आधी कल्पना देऊन, आजार माहीत असलेल्या सोबत्याच्या हाताच्या अंतरावरच राहावे.