कोल्हापूर ते लुंबिनी बसने : सोनौलीची सीमा, ओळखपत्रे आणि व्हिसा



दिवाळीनंतर आपल्या भागात धम्मसहलींची तयारी सुरू होते. कोल्हापूर, कागल, हातकणंगले, शिरोळ या भागांतील विहारांतून उपासक-उपासिका वर्ष-दोन वर्षे पैसे साठवून बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनीला निघतात. यातली पहिली तीन स्थळे भारतात आहेत. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी मात्र नेपाळच्या रूपन्देही जिल्ह्यात आहे. म्हणजे तिथे जाताना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागते. मार्ग सोपा आहे, पण कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाले की फटका बसतो तो गटातल्या सर्वांत साध्या माणसाला. म्हणून सहलीची जबाबदारी घेणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

व्हिसा लागतो का?

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. 31 जुलै 1950 रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची आणि फिरण्याची मुभा दिली आहे. पण व्हिसा नको म्हणजे कागद नको, असे नाही. आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवता आले पाहिजे.

कोणते ओळखपत्र चालते?

मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक मूळ प्रत जवळ ठेवावी. झेरॉक्स किंवा मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नये.

आधार कार्डाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. 15 वर्षांखालील आणि 65 वर्षांवरील व्यक्तींना नेपाळ प्रवासासाठी आधार चालते. मधल्या वयाच्या माणसाने फक्त आधारवर निघू नये. 15 ते 18 वयाच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र घ्यावे. विमानाने जाणाऱ्यांची तपासणी काटेकोर होते. रस्त्याने जाताना कधी कधी कोणी विचारतही नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात.

आमच्या एका सहलीत ट्रॅव्हल्सवाल्याने "आधार असलं की झालं" असे सांगितले होते. सीमेवर त्या दिवशी तपासणी कडक होती. साठीच्या आतल्या एका ताईंकडे आधारशिवाय काहीच नव्हते. बाकीची बस लुंबिनीला गेली आणि ताई एका कार्यकर्तीसोबत सोनौलीच्या लॉजवर बसून राहिल्या. धुणीभांडी करून त्यांनी सहलीचे पैसे भरले होते. चूक त्यांची नव्हती. यादी करताना आम्ही कार्ड हातात घेऊन पाहिले नव्हते, ही चूक आमची होती. तेव्हापासून आमचा नियम आहे : मूळ कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव यादीत घ्यायचे नाही.

नावातला फरक

आपल्या समाजात ही अडचण नेहमी येते. बायकांचे मतदार कार्डावर माहेरचे नाव आणि रेशनकार्डावर सासरचे नाव असते. कुणाचे जुने आडनाव एका कागदावर असते तर नवे दुसऱ्यावर. भन्तेजींचे धम्मनाव वेगळे आणि कार्डावरचे गृहस्थ नाव वेगळे असते. म्हणून प्रवाशांची यादी, रेल्वेचे तिकीट आणि लॉजची नोंद, सगळीकडे ओळखपत्रावरचेच नाव लिहावे. दुरुस्ती करायची असेल तर सहलीच्या तीन-चार महिने आधी अर्ज करावा.

ज्यांना जमेल त्यांनी पासपोर्टच काढावा. कोल्हापुरात पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि प्रादेशिक कार्यालय पुण्यात आहे. प्रौढांच्या 36 पानी साध्या पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये असून तो 10 वर्षे चालतो. पुढे श्रीलंका किंवा थायलंडला जायचे झाले तरी तोच उपयोगी पडतो.

रस्ता कसा आहे?

काही गट कोल्हापुरातूनच बस करून निघतात. काही जण पुणे किंवा मुंबईहून रेल्वेने गोरखपूरला जातात. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणाऱ्या एका गाडीचे नावच कुशीनगर एक्सप्रेस आहे. गोरखपूरहून कुशीनगर सुमारे 50 किलोमीटर आणि सोनौली सुमारे 100 किलोमीटर आहे. सोनौलीच्या कमानीपलीकडे बेलहिया लागते, तिथून चारेक किलोमीटरवर भैरहवा (सिद्धार्थनगर) आणि पुढे वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी.

आपली बस पलीकडे न्यायची असेल तर

भारतीय वाहनाला नेपाळच्या जकात कार्यालयात दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरावे लागते. तिथे याला 'भन्सार' म्हणतात. शिवाय वाहतूक कार्यालयाची परवानगी लागते. आरसी बुक, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना या सगळ्यांच्या मूळ प्रती गाडीत असाव्यात. आपल्याकडचा गाडीचा विमा आपोआप नेपाळात लागू होत नाही. त्यासाठी विमा कंपनीकडून जादा हप्ता भरून नेपाळपुरती मुदतवाढ नव्हे, तर क्षेत्रवाढ घ्यावी लागते. बसमालकाने ती घेतली आहे का, हे करार करतानाच विचारावे. एका दिवसाचेच दर्शन असेल तर बस सोनौलीत उभी करून, सीमा पायी ओलांडून पलीकडची गाडी करणे सोपे पडते.

सोबत परदेशी पाहुणे असतील तर

इथे व्हिसाचा खरा प्रश्न येतो. थायलंड, म्यानमार किंवा श्रीलंकेचे भन्ते, परदेशी अभ्यासक किंवा परदेशात स्थायिक झालेले आपलेच नातेवाईक गटात असतील तर या गोष्टी पाहाव्यात :

1. भारताचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर लुंबिनीला गेलेला माणूस परत कुशीनगरला येऊ शकत नाही. दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा हवा.
2. भारताच्या ई-व्हिसावर ठरवून दिलेल्या ठिकाणांहूनच प्रवेश मिळतो. परतीचा मार्ग त्या यादीत आहे का, हे भारत सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर निघण्यापूर्वी पाहावे.
3. सोनौलीत आधी भारतीय इमिग्रेशनचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा, मग बेलहियात नेपाळचा व्हिसा. गर्दीत बस न थांबता सरळ पलीकडे जाते आणि शिक्का राहून जातो. मग परतीच्या वेळी मोठा त्रास होतो.
4. नेपाळचा पर्यटक व्हिसा बहुतेक देशांच्या नागरिकांना सीमेवरच मिळतो. 15 दिवसांचे 30, 30 दिवसांचे 50 आणि 90 दिवसांचे 125 अमेरिकी डॉलर असे शुल्क आहे. रोख डॉलर, फोटो आणि सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट जवळ असावा.
5. ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे. ज्याचा पासपोर्ट परदेशी, त्याला नेपाळचा व्हिसा लागतोच.

पैसे, वेळ आणि हवामान

100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात. हा दर 1993 पासून कायम आहे. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून 100 च्या नोटा नेणे सर्वांत सुरक्षित. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे 15 मिनिटे असते. बुद्ध पौर्णिमेला तराईत कडक ऊन आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. वयस्कर लोक असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा.

सीमा नेहमीच उघडी असते असेही नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे ती बंद झाली, सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळमधल्या आंदोलनाच्या काळात वाहतूक विस्कळीत झाली. निवडणुकांच्या वेळीही ती काही काळ बंद ठेवतात. सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा.

हे कशासाठी?

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा दिल्यानंतर महिनाभरातच बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असताना काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 20 नोव्हेंबरला त्यांनी तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. परतताना त्यांनी सारनाथ आणि कुशीनगरलाही भेट दिली. लुंबिनीत सम्राट अशोकाचा स्तंभ आजही उभा आहे. सम्राट स्वतः इथे आला आणि त्याने गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरलेले आहे. 1896 मध्ये हा स्तंभ पुन्हा उजेडात आला आणि 1997 मध्ये लुंबिनी जागतिक वारसा यादीत गेली.

तो स्तंभ पाहण्याचा हक्क वस्तीतल्या शेवटच्या आजीलाही आहे. तिचे कार्ड वेळेवर तपासणे, नाव दुरुस्त करून देणे, तिच्यासोबत रांगेत उभे राहणे, हेही धम्मकार्यच आहे. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की वही घेऊन बसा आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र हातात घेऊन पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!