कृष्णविवराभोवतीच्या ध्रुवित प्रकाशाचे सदृशीकरण

महाकाय कृष्णविवराकडे ओढला जाणारा तप्त वायू व तेथून उसळणारे झोत यांचा ध्रुवित प्रकाश संगणकावर निर्माण करून त्याची प्रत्यक्ष निरीक्षणाशी तुलना करण्याची पद्धत. सर्वाधिक काम कन्या तारकासमूहाच्या दिशेला सु. ५.५ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या एम ८७ या दीर्घिकेवर झाले आहे. तिच्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सु. ६५० कोटी पट आहे.

इतिहास : या दीर्घिकेतून निघणारा सरळ झोत हीबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये नोंदवला. त्याचा प्रकाश ध्रुवित असल्याचे वॉल्टर बाडे यांनी १९५६ मध्ये दाखवले, तेव्हा तो सिंक्रोट्रॉन प्रारणाचा (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाचा) असल्याच्या कल्पनेला बळकटी मिळाली. ध्रुवणाचे वर्णन करणारी स्टोक्स यांची चार प्रचले १८५२ पासूनची. ती खगोलशास्त्रात रुजवली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी. आजच्या संगणकप्रणाली याच चार राशींचा हिशेब ठेवतात.

पद्धत : आधी फिरत्या कृष्णविवराभोवतीच्या वक्र अवकाशकालात चुंबकित वायूचा प्रवाह सोडवतात. मग निरीक्षकापासून उलट दिशेने किरण मागे नेऊन त्याच्या वाटेवरील उत्सर्जन, शोषण व फॅराडे परिणाम (चुंबकित वायूतून जाताना ध्रुवणाची दिशा वळणे) मोजतात. खरी अडचण इलेक्ट्रॉनांच्या तापमानाची आहे. वायू इतका विरळ असतो की आयन व इलेक्ट्रॉन क्वचितच एकमेकांवर आदळतात, त्यामुळे त्यांची तापमाने वेगळी राहतात. प्रवाहाच्या समीकरणांतून एकूण ऊर्जा मिळते. त्यातील इलेक्ट्रॉनांचा वाटा गृहीत धरावा लागतो, आणि प्रकाश तर इलेक्ट्रॉनच देतात. नुसत्या तेजस्वितेवरून प्रतिरूपांची निवड करणे म्हणूनच अवघड होते.

निष्कर्ष : इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या एप्रिल २०१७ मधील, १.३ मिमी. तरंगलांबीच्या निरीक्षणांतून मिळालेली एम ८७ च्या कृष्णविवराची ध्रुवित प्रतिमा मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंक्रोट्रॉन प्रारण मुळात सु. ७० टक्क्यांपर्यंत ध्रुवित असू शकते. प्रत्यक्षात प्रतिमेतील कृष्णविवराभोवतीच्या तेजस्वी कड्यावर ठिकठिकाणी सरासरी ५.७ ते १०.७ टक्के आणि एकूण प्रकाशात जेमतेम १ ते ३.७ टक्के ध्रुवण आढळले. एकूण ध्रुवण घटते, कारण कड्याभोवती सर्पिल मांडणीत फिरणाऱ्या दिशा परस्परांचा परिणाम रद्द करतात. ठिकठिकाणचे ध्रुवण कमी पडते, कारण वायूतून येताना फॅराडे परिणामामुळे लगतच्या किरणांच्या दिशा विस्कटतात. ही उणीवच मोलाची ठरली. सु. ७२,००० सदृश प्रतिमांशी ताडून पाहता प्रवाहाला अडवण्याइतके प्रबळ, सु. १ ते ३० गौस चुंबकीय क्षेत्र असलेली प्रतिरूपे अधिक जुळली. कृष्णविवराच्या परिवलनाबद्दल मात्र निर्णायक उत्तर मिळालेले नाही.

वर्तुळाकार ध्रुवण : एम ८७ च्या कड्यात ते अत्यल्प आहे.

आकाशगंगेचे केंद्र : तेथील कृष्णविवराची ध्रुवित प्रतिमा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही सर्पिल मांडणी दिसते.

नंतरची निरीक्षणे : एम ८७ मधील सर्पिलाची दिशा २०२१ च्या निरीक्षणांत २०१७ च्या उलट आढळली. चुंबकीय रचनेतील बदल आणि वाटेतील वायूचा फॅराडे परिणाम यांचा त्यात किती वाटा, याविषयी अभ्यास चालू आहे.